नागपूरची फूट: उदारमतवादी आणि डावे यांच्यात फरक काय?

आजचा विषय ठरला तेव्हा आम्हाला दोन बाजूंनी टोकलं गेलं. एक म्हणाले, उदारमतवादी आणि डावे यांच्यात फरक तो काय, एकाच माळेचे मणी. दुसरे म्हणाले, फरक आहे हे कबूल, पण आत्ता कशाला चव्हाट्यावर आणता? दिवस वाईट आहेत, सगळ्यांना एकत्र राहू द्या. पहिल्यांचा सूर विरोधकाचा, दुसऱ्यांचा मित्राचा. गंमत अशी, की दोघांचा सल्ला शेवटी एकच निघतो: फरक बघू नका. आम्हाला ते पटत नाही.

'लेफ्ट-लिबरल' हा जोडशब्द टीव्हीवरच्या चर्चांनी घरोघरी नेला, हे खरं. पण मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून 'पुरोगामी' हा शब्द तेच काम करत आला आहे. पुरोगामी म्हटलं की रानडे आले, आगरकर आले, साने गुरुजी आले आणि कॉम्रेड डांगेही आले. सगळे एका पंगतीला. वाढणाऱ्याची सोय होते. पण ही माणसं आपापल्या काळात कशावरून भांडली असती, किंवा प्रत्यक्ष भांडली, ते कोणी विचारत नाही.

या शब्दामागे एक चित्र असतं, मोजपट्टीचं. मधोमध उदारमतवादी, थोडं पुढे समाजवादी, टोकाला कम्युनिस्ट. या चित्राप्रमाणे उदारमतवादी म्हणजे भित्रा डावा आणि डावा म्हणजे धीट उदारमतवादी. दोघांनाही एकाच गावाला जायचंय, एक बैलगाडीने निघालाय आणि एक मोटारीने. आमची आजची तक्रार या चित्राविरुद्ध आहे. फरक वेगाचा नाही. वाद सुरू होण्याआधी कोण काय गृहीत धरतो, कशाला हात लावू देत नाही, तिथे तो आहे.

आणखी एक गैरसमज चटकन बाजूला करू. लिबरल म्हणजे बाजाराच्या बाजूचा आणि डावा म्हणजे सरकारच्या बाजूचा, असं पाठ्यपुस्तकी समीकरण आहे. आपल्याकडे ते पहिल्या पायरीवरच मोडतं. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडातले अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना, सर्व काळी लागू पडतात हे त्यांनी नाकारलं आणि उद्योगधंदे उभे करायला सरकारने पुढे आलं पाहिजे असं मांडलं. रानडे उदारमतवादी होते की नाही? होतेच. तेव्हा ते समीकरण राहू द्या.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही उदाहरण घेतो ते गिरणगावातलं, कारण तिथे हे दोन विचार पुस्तकात न राहता एकाच खोलीत समोरासमोर बसले होते.

नारायण मल्हार जोशी हे नाव आज फारसं कोणाच्या तोंडी नाही. जन्म १८७९, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षकी सोडून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली: रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. म्हणजे सुरुवात नेमस्त समाजसेवेची, अगदी ठरीव साच्यातली. पण गिरणगावात वावरताना त्यांच्या लक्षात आलं, की रात्रशाळेत यायला माणसाच्या अंगात रात्री जीव तर उरला पाहिजे! १९२० मध्ये आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष झाले, आणि त्या स्थापनेमागे राबणाऱ्यांत जोशी अग्रभागी होते. पुढे केंद्रीय कायदेमंडळात ते कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षं बसले. 'नेमलेले' हा शब्द ध्यानात ठेवा, डाव्यांनी तो त्यांना कधी विसरू दिला नाही.

जोशींचं मोठं काम म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. त्याची पार्श्वभूमी अशी. मद्रासमध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर कोर्टात दावा लावला. कामगारांना एकत्र करून करार मोडायला लावणं हे बेकायदा, सबब मनाई हुकूम द्या आणि नुकसानभरपाईही द्या, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने मनाई हुकूम दिला. म्हणजे युनियन काढणाऱ्याच्या मानेवर कटाच्या कलमाची सुरी कायम टांगलेली. जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला, की कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्या. पाच वर्षं पाठपुरावा केला आणि कायदा झाला. संघटना करणं हा गुन्हा नाही, हे या देशात कागदावर आलं ते असं. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, याच कायद्याखाली डांगे, जोगळेकर, मिरजकर यांच्या लाल बावटा गिरणी कामगार युनियनची नोंद झाली. म्हणजे नेमस्ताने बांधलेल्या ओसरीवर कम्युनिस्टांचं बिऱ्हाड. हे आम्ही टोमणा म्हणून सांगत नाही. पुढचं भांडण समजायला ते हवं आहे.

१९२८ चा संप सगळ्यांना ठाऊक आहे. मालकांनी 'एफिशियन्सी'च्या नावाखाली साचेवाल्यांना दोनाऐवजी तीन साचे चालवायला लावले, सूतखात्यातही एकाच माणसावर जादा काम टाकलं. एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडायला लागल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने घरी बसला. संयुक्त संप समितीत जोशीही होते आणि डांगेही. मागण्यांची यादी एकच. पण जोशी संपाकडे वाटाघाटीतलं शेवटचं हत्यार म्हणून बघत होते: मालक बोलायला तयार होत नाही म्हणून काम बंद, तो बोलायला बसला की हत्यार खाली. डांग्यांच्या लेखी संप ही कामगाराची शाळा होती. तीन साचे गेले की नाही, पगार कापला की नाही, हे महत्त्वाचं खरं. पण सहा महिन्यांत कामगाराला मालक, पोलीस, सरकार आणि कोर्ट एकाच रांगेत उभे दिसले, ही त्यांच्या हिशेबातली खरी कमाई. संपानंतर लाल बावट्याची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली, त्याचं कारण या दुसऱ्या हिशेबात आहे. जोशींची टेक्स्टाइल लेबर युनियन जुनी होती, शिस्तीची होती, पण कामगार लोटला तो इकडे.

मग १९२९ उजाडलं. मार्चमध्ये सरकारने देशभरातून तीसेक पुढारी पकडले आणि मीरतला नेले. डांगे, जोगळेकर, मिरजकर, घाटे, निंबकर, आळवे, कासले असे गिरणगावचे बहुतेक मोहरे त्यात होते. आणि त्याच वर्षी, त्याच सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला एक रॉयल कमिशन नेमलं, व्हिटले कमिशन. जोशी त्याचे सभासद झाले.

आता नागपूर. १९२९ च्या अखेरीला आयटकचं अधिवेशन तिथे भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ठराव आला, की व्हिटले कमिशनवर बहिष्कार टाका, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेशी संबंध तोडा, साम्राज्यविरोधी संघाशी नातं जोडा. मतं डाव्यांच्या बाजूने पडली. जोशी, व्ही. व्ही. गिरी, बखले, शिवराव, चमनलाल ही मंडळी उठून बाहेर पडली आणि त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. आयटक काढणारा माणूस आयटकबाहेर गेला.

या प्रसंगावर डाव्यांची टीका तयार होती: जोशी भांडवलदारांचे हस्तक, सरकारचे नेमलेले. उदारमतवाद्यांचीही तयार होती: हे मॉस्कोच्या तारेवर नाचणारे. दोन्ही टीका आम्हाला आळशी वाटतात. माणसाची दानत काढली की त्याच्या युक्तिवादाकडे बघायचं कारण उरत नाही, एवढीच त्यांची सोय. आपण युक्तिवाद बघू.

डाव्यांचा युक्तिवाद असा. ज्या सरकारने आमचे पुढारी तुरुंगात घातले तेच सरकार आता विचारतंय, कामगारांचं दुःख काय? साक्ष द्यायला जाणं म्हणजे हे सरकार मालक आणि कामगार यांच्यात तटस्थ पंच आहे असं कबूल करणं. ते पंच नाहीच, ते एका बाजूचं आहे. ज्या मैदानाचा उतारच मालकाकडे आहे तिथे खेळाचे नियम कितीही समान ठेवा, चेंडू कुठे जाणार? हा युक्तिवाद पोकळ नाही. मीरतचीच गोष्ट घ्या. खटला मुंबईत चालला असता तर आरोपींना ज्युरी मिळाली असती. मीरतला ज्युरी नव्हती. नियम पाळूनच केलेली ही व्यवस्था होती, बरं का.

जोशींचा युक्तिवाद वेगळ्या जागेवरून सुरू होतो. कमिशनसमोर मालक जाणारच. आपण गेलो नाही तर तिथे फक्त त्यांचंच म्हणणं नोंदलं जाईल. सरकार परकं आहे, पक्षपाती आहे, सगळं मान्य; पण आज गिरणीत उभ्या असलेल्या बाईचे कामाचे तास क्रांतीनंतर कमी होतील असं सांगून चालणार नाही. ते आज कमी व्हायला हवेत, आणि ते कायद्यानेच होतील. याचा पडताळाही बघा. कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे तास साठावरून चौपन्नावर आले. १९३६ च्या वेतन कायद्याने दंड आणि पगारकपातीला लगाम घातला. मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेलं कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची रीत होती. ज्याच्या घरात तसलं कापड साठलं होतं, त्याला हा कायदा 'नुसती सुधारणा' वाटला नसेल.

तेव्हा फरक कुठे आहे बघा. जोशींना गरीब कमी दिसत नव्हते. सरकारवर त्यांची भाबडी श्रद्धाही नव्हती. एप्रिल १९२९ मध्ये संपाच्या हक्कावर घाला घालणारं ट्रेड डिस्प्यूट्स बिल आलं तेव्हा ते विरोधातच होते. पण नियम, हक्क, सुनावणी, दोन्ही बाजू ऐकून घेणारी संस्था, या गोष्टी उदारमतवाद्याच्या लेखी पायाखालची जमीन असतात. त्या सदोष असतील तर दुरुस्त करायच्या, पण त्यांच्याबाहेर पाऊल ठेवायचं नाही, कारण बाहेर दुबळ्याला वाली नाही. डाव्याच्या लेखी पायाखालची जमीन म्हणजे मालकी. गिरणी कोणाची, यावर कायदा कोणाचा हे ठरतं. हक्क आणि सुनावणी ही त्या जमिनीवरची बांधकामं. वापरता आली तर वापरायची, श्रद्धा ठेवायची नाही. म्हणूनच उदारमतवाद्याला डाव्याचा बहिष्कार बेजबाबदार वाटतो आणि डाव्याला उदारमतवाद्याचा सहभाग विश्वासघात वाटतो. एकच कृती, पण हिशेबाच्या वह्या दोन.

आम्ही इथे कोणाची बाजू घेतो? खरं सांगायचं तर नागपुरात दोघेही आपापल्या विचाराच्या परीक्षेत उणे पडले असं आमचं मत आहे. नियम मानणारे जोशी मतदानात हरल्यावर बाहेर गेले. गिरणी कामगार युनियनचे सभासद किती धरायचे, त्या हिशेबावर मतं किती द्यायची, हा वाद होता आणि त्यात तथ्य होतं. १९२९ चा दुसरा संप फसल्यावर ती युनियन पार ढासळली होती. तरीही, बहुमत आपल्या बाजूला असेपर्यंतच प्रक्रियेवर निष्ठा, हे उदारमतवाद्याला शोभत नाही. डाव्यांचं तर त्याहून अवघड. एकजुटीवर ज्यांचं सगळं उभं त्यांनीच १९२८ नंतरच्या आंतरराष्ट्रीय धोरणाच्या भरात एकजूट मोडली, आणि दोनच वर्षांत, १९३१ मध्ये कलकत्त्याला, आयटक पुन्हा फुटली तेव्हा बाहेर पडणारे कम्युनिस्ट होते! नियमांना नुसतं साधन मानलं की आपल्याच घरातला मतभेद मिटवायला काही हाताशी राहत नाही. डाव्या विचाराचं हे जुनं दुखणं. हरलेल्याचं काय करायचं, याचं उत्तर त्यांच्या सिद्धांतात सापडत नाही.

पण या दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक गोष्ट गिरणगावातच होती, आणि ती दाखवली तिसऱ्याने. साचेखात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढताना तोंड लावावं लागतं, विटाळ होईल. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी विचारलं, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती घातली खरी, पण ओढूनताणून. आता विचार करा, दोन्ही विचार इथे का अडखळले. उदारमतवाद्याला कायद्यातला अडथळा दिसतो, आणि कायद्यात तर कुठेच लिहिलेलं नव्हतं की अमक्याने साच्यावर बसू नये. डाव्याला मालकीतला अडथळा दिसतो, आणि हा अडथळा मालकाने घातलेला नव्हता, शेजारी काम करणाऱ्या कामगाराने घातला होता. एकाच्या चष्म्यात शेजारी बसत नाही, दुसऱ्याच्याही नाही.

आंबेडकरांकडे आम्ही यासाठीच पुन्हा पुन्हा येतो. त्यांना उदारमतवादी म्हणावं की डावं, यावर लोक अजून भांडतात. भांडू द्या. १९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचं बिल आणलं, सक्तीची तडजोड आणि त्याआधी केलेला संप बेकायदा. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कृती डावी. पण विधिमंडळात आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद नीट वाचा, तो अस्सल उदारमतवादी आहे: आपले श्रम कोणत्या अटींवर द्यायचे हे ठरवण्याचं माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे संपाचा हक्क, आणि त्याला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणं, गुलामीच. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात ते आणखी पुढे गेले. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, ही मागणी डाव्यांची. पण ती सरकारच्या मर्जीवर किंवा पुढच्या निवडणुकीतल्या बहुमतावर सोडू नका, राज्यघटनेतच लिहा, म्हणजे कोणतंही बहुमत ती उलटवणार नाही, हा आग्रह उदारमतवाद्याचा. घर डाव्यांचं, कुलूप उदारमतवाद्यांचं. संविधान सभेने ते घेतलं नाही. यात अडचणीही आहेत. एका पिढीने आपलं अर्थधोरण पुढच्या पिढीला बांधून द्यावं का, हा प्रश्न उरतोच. पण दोन विचारांचा फरक ओळखून केलेली ही जोडणी आहे. 'पुरोगामी' शब्दात असते तशी सरमिसळ नाही.

आता आजचं. १९२८ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात पब्लिक सेफ्टी बिल आलं होतं, बाहेरून आलेल्या कम्युनिस्टांना हाकलण्यासाठी. मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकून ते पाडलं. विठ्ठलभाई कम्युनिस्ट नव्हते. विरोधात बोलणारे मोतीलाल नेहरूही नव्हते. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं आणि त्यात 'कडवी डावी विचारसरणी' असे शब्द आले. नावातलं साम्य योगायोगाचं असेल. पण विचारसरणीचं नाव कायद्यात आलं की 'डावा म्हणजे कोण' हा प्रश्न व्याख्यानातला राहत नाही, तो फौजदाराच्या टेबलावर जातो. तिथे 'सगळे एकाच माळेचे मणी' हे वाक्य फार महागात पडू शकतं. आणि 'सगळे एकत्र राहू द्या' म्हणणाऱ्या मित्रांना आमचं सांगणं असं, की उदारमतवाद्याने डाव्याच्या हक्कासाठी उभं राहायचं ते तो आपलाच आहे म्हणून नव्हे. तो आपला नसतानाही उभं राहता आलं तरच ते उदारमतवादाचं काम. डाव्यांनाही विचारलं पाहिजे, की हा कायदा उद्या तुमच्या विरोधकावर चालवला तर तुमचा विरोध टिकेल का? मीरतच्या आरोपींनी ज्युरी मागितली तेव्हा ते बरोबरच होते. ती मागणी फक्त स्वतःपुरती होती का, हे त्यांच्या वारसांनी ठरवायचंय.

जोशींचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. तीसच्या दशकाच्या अखेरीला फुटलेल्या संघटना पुन्हा जवळ आल्या आणि १९४० मध्ये जोशी आयटकचे सरचिटणीस झाले. त्या वेळी डांगे, रणदिवे आणि इतर कम्युनिस्ट राजस्थानातल्या देवळी कॅम्पात विनाचौकशी स्थानबद्ध होते. १९४१ मध्ये जोशी कायदेमंडळाचे सभासद या नात्याने, त्या 'नेमलेल्या' जागेच्या अधिकारानेच, देवळीला गेले, कैद्यांना भेटले, त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि परत येऊन त्यांच्या बाजूने बोलले. कम्युनिझम त्यांना तेव्हाही पटत नव्हता. आयटकचं सरचिटणीसपद त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळलं.